उत्तर कुणी द्यायचं?
(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभातील मनोगत)

पीयूसीच्या प्रवेशाआधी मुलीला घेऊन धारवाडला कॉलेज पाहायला गेलो. प्राध्यापकांनी तिला विचारलं, "काय शिकायचंय?"

मीच म्हणालो, "सायन्स!"

सर हसले. "मी तिला विचारलं."

ती हळूच म्हणाली, "आर्ट्स. पुढे इंग्रजी साहित्य." मग तिनेच वाचनालयाची चौकशी केली. मी थक्क!

परतताना विचारलं, "आधी का नाही बोललीस?"

"बाबा, तुम्ही विचारलंत कुठे?"

याच धारवाडात जी. ए. कुलकर्णींनी वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं आणि मराठी कथेला श्रीमंत केलं. आर्ट्सला कमी लेखणारा मी हेच विसरलो होतो.

पालकहो, मुलांबरोबर जरूर जा. पण प्राध्यापकांसमोर आपली खुर्ची जरा मागे ओढा.

तिने आर्ट्सला प्रवेश घेतला आहे.