जुनाट वेदना : शरीर, मन आणि मेंदू

(बीड जिल्ह्यातील आशा कार्यकर्त्या व आरोग्यसेविका यांच्यासमोर केलेले भाषण)



दिवाळी सरली की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील अनेक गावे ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेऊन हजारो 'कोयते', म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील उसाच्या फडांवर जातात. पहाटेपासून वाकून तोडणी करायची, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचे, आणि एक दिवस अंग टाकले तर खाडा कापला जायचा. हंगाम संपवून परतलेली बाई तुम्हांला सांगते, "ताई, कंबर लई दुखती. ओटीपोटात सारखी कळ येती." या वाक्याला आपण काय उत्तर देतो, यावर तिचे पुढील आयुष्य अवलंबून असते.

ते उत्तर चुकले तर काय घडते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. हे प्रमाण सहा महिलांमागे एक असे पडते. पोटदुखी, कंबरदुखी, अंगावरून पांढरे जाणे, जास्त रक्तस्राव या तक्रारी घेऊन या भगिनी दवाखान्यात गेल्या होत्या. काही आजारांत ही शस्त्रक्रिया आवश्यक असते, हे निर्विवाद आहे. परंतु जेथे दुखते तेथील अवयव काढला की दुखणे संपते, ही समजूत शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. शस्त्रक्रियेनंतरही अनेकींचे दुखणे कायम राहते. आणि अंडाशयही काढले असल्यास अकाली हाडे ठिसूळ होण्याची भर पडते.

वेदनेचा मार्ग

वेदना जखमेतून सरळ मेंदूकडे जाते, असे पूर्वी मानले जाई. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक हे मानसशास्त्रज्ञ आणि पॅट्रिक वॉल हे शरीरशास्त्रज्ञ यांनी निराळा सिद्धान्त मांडला. मज्जारज्जूत जणू एक दार असते. ते किती उघडावे हे जखमेवर अवलंबून असते, तसेच स्पर्शावर आणि मेंदूकडून येणाऱ्या आज्ञांवरही असते. ठेच लागताच आपण बोट चोळतो आणि कळ कमी होते, ती यामुळेच. या सिद्धान्ताच्या तपशिलात पुढे दुरुस्त्या झाल्या. परंतु त्याचा गाभा टिकून आहे.

१९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले की, इजेनंतर मज्जारज्जूतील पेशीच अधिक संवेदनशील होतात. ज्वारीच्या शेतात एकदा चोरी झाली की राखणदार पाल्याच्या सळसळीलाही ओरडू लागतो. जुनाट वेदनेत मज्जासंस्थेचे असेच होते. जखम भरते, इशारा मात्र थांबत नाही. अपुरी झोप, फिटता न फिटणारी उचल, मुलांची काळजी, 'आपल्याला काही मोठा रोग तर नाही ना' ही भीती, या सर्वांनी तो इशारा अधिक तीव्र होतो. हे मनाचे खेळ नव्हेत. भीतीचे आणि वेदनेचे मार्ग मेंदूत एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून हे घडते.

वेदनेच्या अभ्यासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची सुधारित व्याख्या प्रसिद्ध केली. रुग्ण आपल्याला दुखते असे सांगतो तेव्हा त्या सांगण्याचा आदर राखावा, असे तिने बजावले आहे. तपासणीत काही आढळले नाही, म्हणून वेदना खोटी ठरत नाही. उलट, चित्रात काही दिसले म्हणून तेच वेदनेचे कारण, असेही नव्हे. मणक्यांतील चकत्यांची झीज कसलाही त्रास नसलेल्या कित्येक माणसांतही आढळते.

विश्वासाचे औषध

आपल्याकडे सुई किंवा सलाईन घेतल्याशिवाय बरे वाटत नाही, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना हसू नये. १९७८ मध्ये दाढ काढलेल्या रुग्णांवर झालेल्या प्रयोगात, औषध नसलेल्या सुईनेही काहींची वेदना उतरली. आणि शरीरातील नैसर्गिक वेदनाशामक द्रव्यांना रोखणारे औषध देताच ती पुन्हा वाढली. म्हणजे विश्वासाने शरीर स्वतःचे औषध निर्माण करते. हा विश्वास निष्कारण सुईवर खर्च न करता समजावून सांगण्यावर आणि हालचालीवर उभा करणे, हे आपले काम आहे.

आपण काय करावे

प्रथम ऐकावे. ठणका, चमक, सल, भगभग, मुंग्या, रग हे निरनिराळे शब्द आहेत आणि ते निरनिराळ्या कारणांकडे बोट दाखवितात. भगभग व मुंग्या यांवरून नसेच्या दुखण्याचा संशय येतो. बाईचा शब्द जसाच्या तसा नोंदवून डॉक्टरांना सांगावा.

दुसरे, धोक्याच्या खुणा ओळखाव्यात. ताप, वजन घटणे, पायांतील शक्ती जाणे, लघवीवरील ताबा सुटणे, पाळी गेल्यावर रक्तस्राव होणे यांपैकी काहीही असल्यास विलंब न लावता शासकीय रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे. पांढरे जाण्यावर बहुधा औषधोपचार असतो. गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यास सांगावे.

तिसरे, धोक्याची खूण नसेल आणि दुखणे तीन महिन्यांहून जुने असेल, तर अंथरूण धरू देऊ नये. रोज थोडे चालणे, हळूहळू वाढविलेला व्यायाम, पुरेशी झोप आणि मनावरील ओझे बोलून हलके करणे यांचा उपयोग होतो. वेदनाशामक गोळ्या मनाने वर्षानुवर्षे घेतल्यास जठराला व मूत्रपिंडाला अपाय होतो.

मात्र केवळ व्यायाम शिकवून हे दुखणे संपणार नाही. ज्या कामाने कंबर मोडते त्या कामात विसावा, फडावर पाणी व शौचालय, आणि आजारपणाच्या दिवशी खाडा न कापण्याची हमी, हेही वेदनेवरील उपचारच होत. ते डॉक्टरांच्या हाती नाहीत. ते समाजाच्या, कारखान्यांच्या आणि शासनाच्या हाती आहेत.

येत्या हंगामानंतर परतणारी भगिनी आपली कळ प्रथम तुमच्यापाशी बोलेल. तुम्ही तिच्यावर विश्वास ठेवला, तर तिच्या उपचाराचा आरंभ तेथेच झालेला असेल.