कामाच्या मुदतीची इंग्रजी बोली



शाळा अर्ध्यावर सोडलेल्या माणसाने भाषेवर व्याख्यान द्यावे, हे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु ज्या इंग्रजीविषयी आम्ही आज बोलणार आहोत, ते आम्ही शाळेत शिकलोच नाही. कामगारांच्या हाती पडणाऱ्या नोटिसांतून, एकेक शब्द कोशात शोधीत ते आम्ही शिकलो.

गेल्या वर्षी संघटनेच्या कचेरीत संगणकाचे काम करणारा एक तरुण आला. कंपनीने त्याच्याकडे खुलासा मागितला होता. दोन ‘माइलस्टोन’ चुकविले, ‘स्प्रिंट’मध्ये मागे पडला, ‘डेडलाइन’ पाळली नाही, असा आरोप. तो म्हणाला, “काका, हे सारे शब्द मी रोज बोलतो; पण खुलासा लिहायला बसलो, तर माझा गुन्हा काय तेच उमगेना.” आम्ही त्याला म्हटले, “बैस. आधी शब्द सोडवू, मग गुन्हा पाहू.”

पहिला शब्द ‘डेडलाइन’. अक्षरशः अर्थ घ्याल तर ‘मृत्युरेषा’; आणि तो अलंकार नव्हे. अमेरिकेतील यादवी युद्धात, 1864 साली, दक्षिणेच्या सैन्याने जॉर्जियातील अँडरसनव्हिल येथे युद्धकैद्यांचा तळ उघडला. उंच कुंपणाच्या आत थोड्या अंतरावर लाकडाचा एक हलका कठडा होता. तो ओलांडणाऱ्यास मचाणावरील पहारेकऱ्याने गोळी घालावी, असा हुकूम होता. त्या कठड्याचे नाव ‘डेड लाइन’. सुमारे 45,000 कैदी तेथे आले आणि जवळजवळ 13,000 मेले. बहुतेक रोगाने आणि उपासमारीने. तळाच्या अधिकाऱ्यास 1865 च्या नोव्हेंबरात फाशी झाली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत हा शब्द मजकूर देण्याच्या शेवटच्या वेळेसाठी रूढ झाला, आणि तेथून जगभर गेला.

आपल्याकडे शब्द आहे ‘मुदत’. मुदत दोघांनी मिळून ठरवायची असते. ती मागता येते, वाढवून घेता येते. मृत्युरेषा मात्र एकच पक्ष आखतो, आणि ती ज्याच्यासाठी आखली त्याला कोणी विचारीत नाही. आमच्या तरुणाला आम्ही विचारले, “ही तारीख ठरली तेव्हा तू होतास काय?” तो नव्हता.

दुसरा शब्द ‘माइलस्टोन’, म्हणजे मैलाचा दगड. रोमन लोकांचा मैल म्हणजे हजार दुहेरी पावले. त्यांच्या रस्त्यांवर असे दगड उभे असत. दगड वाटसरूला किती चाललास ते सांगतो. उशीर झाला म्हणून दंड करीत नाही. यावर अधिक बोलण्याचे कारण नाही.

तिसरा शब्द ‘मॅन-मंथ’, म्हणजे एका माणसाचे महिनाभराचे काम. दहा माणसांचे काम वीस माणसे निम्म्या वेळात करतील, असा याचा हिशेब. खड्डा खणण्यास तो बराचसा लागू पडतो. डोक्याच्या कामास पडत नाही. हे आमचे मत नव्हे. आयबीएम कंपनीत 1960 नंतरच्या दशकात संगणकप्रणालीचे प्रचंड काम सांभाळलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 1975 साली पुस्तक लिहून हे मांडले. रखडलेल्या कामात नवी माणसे घातली तर ते अधिकच रखडते. कारण नव्यांना शिकविण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि बोलाचाली वाढते. पाच माणसांत दहा जोड्या होतात, दहा माणसांत पंचेचाळीस! आमच्या तरुणाच्या हाताखाली मुदतीच्या तीन आठवडे आधी चार नवशिके दिले होते. कंपनीच्या लेखी ती मदत होती.

चौथा शब्द ‘स्प्रिंट’, म्हणजे थोड्या अंतराची जोरकस धाव. संगणकाचे काम फार तर महिनाभराच्या टप्प्यांत करण्याची जी पद्धत आहे, तिच्यातला हा शब्द. पद्धत वाईट नव्हे. या विचाराच्या सतरा जणांनी 2001 साली अमेरिकेत युटा येथे जो जाहीरनामा काढला, त्याच्या तत्त्वांत कामाची गती कायम टिकविता येईल अशी असावी, असे स्पष्ट सांगितले आहे. पण शंभर मीटर धावणारा धावपटू शर्यतीनंतर बसतो. येथे एक धाव संपली की दुसऱ्या दिवशी दुसरी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून मुंबईच्या गिरणी कामगारांना 1890 साली रविवारची सुटी मिळवून दिली. आमच्या तरुणाने लागोपाठ पाच रविवार काम केले होते.

शब्दांचा हा खल कशासाठी, असे कोणी म्हणेल. त्यासाठी एकच गोष्ट सांगतो. 27 जानेवारी 1986 च्या रात्री, ‘चॅलेंजर’ अवकाशयानाच्या उड्डाणाआधी, मॉर्टन थायोकोल या अग्निबाणाच्या कंपनीतील अभियंते सांगत होते की, थंडीत सांध्यांतील रबरी कडी नीट बसणार नाहीत. उड्डाण आधीच लांबले होते. तेव्हा कंपनीच्या एका वरिष्ठाने अभियंत्यांच्या प्रमुखास सांगितले, अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची घाल. हे चौकशीत नोंदले गेले आहे. प्रमुखाने संमती दिली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर 73 सेकंदांत यान फुटले. सात माणसे गेली.

आपल्या भाषेत टोपी फिरविणे म्हणजे पक्ष बदलणे, आणि टोपी घालणे म्हणजे फसविणे. “तुला जे खरे ठाऊक आहे ते बाजूला ठेव,” असे उघड सांगितले असते, तर कदाचित त्या माणसाने नकार दिला असता. ‘टोपी बदल’ म्हटल्याने ते सोपे झाले.

त्या तरुणाचा खुलासा आम्ही साध्या मराठीत लिहून दिला. “काम चाळीस दिवसांचे होते, असे मी आरंभीच कळविले होते. दिवस पंचवीस दिले. त्यांत चौघांना शिकविले आणि पाच रविवार काम केले. काम पस्तिसाव्या दिवशी पुरे झाले.” कंपनीने ते पत्र दाखल करून घेतले, पुढे काही कळविले नाही, मात्र त्याचा पगार कापला नाही.

म्हणून इतकेच सांगणे आहे. असा शब्द कानी पडला की तो आपल्या भाषेत उतरवून पाहा, आणि विचारा : ही रेषा कोणी आखली? आणि ती पाळण्यासाठी कोणाची झोप, कोणाचा जीव खर्ची पडणार? उत्तर देता येणार असेल, तर ती मुदत आहे, आणि ती आपण निष्ठेने पाळू. विचारण्याचीच बंदी असेल, तर तो अजून अँडरसनव्हिलचा कठडाच आहे.