बोटीवर स्कूबाचे सामान न्यावे का?

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींना हसू आले असेल. पाऊसपाणी झाले, परीक्षा झाल्या, आता हे प्राध्यापक आम्हाला समुद्राच्या तळाशी घेऊन निघाले! पण विषय वाटतो तितका दूरचा राहिलेला नाही. आमच्या पनवेलची मुले पूर्वी वडाळे तळ्यात नाहीतर गावच्या विहिरीत सूर मारीत. आज तीच मुले सुट्टीत मालवणला जातात आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरतात. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाने हे शिकवणारी संस्थाच काढली आहे. शिवाय २०२१च्या सप्टेंबरपासून मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे सहलीची मोठी जहाजेही सुटू लागली.

अशाच एका सफरीला निघालेला माझा एक माजी विद्यार्थी परवा विचारीत होता, "सर, स्कूबाचं सगळं सामान विकत घेऊन बरोबर नेऊ, की तिथलंच भाड्यानं वापरू?" हा गृहस्थ हल्ली एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहे, बुडी मारायचे रीतसर शिक्षण त्याने घेतले आहे, आणि त्याला चष्मा आहे. चष्म्याचे महत्त्व पुढे येईलच.

आपल्या वाडवडिलांना हा प्रश्न कधी पडला नाही. भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या आगबोटीत चढणारा माणूस वळकटी, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा घेऊनच चढे, कारण डेकवर यातले काहीच मिळत नसे. आजच्या सहलीच्या जहाजावर गादीपासून न्याहारीपर्यंत सारे हजर असते. मग पाण्याखालचे सामानही त्यांचेच का नसावे? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण हे सामान सगळे एका जातीचे नाही.

सर्वांत आधी टाकी. ही कोणीही घरून नेत नाही, नेऊही नये. नेहमीची अ‍ॅल्युमिनियमची टाकी रिकामी असतानाच चौदा-पंधरा किलो भरते, म्हणजे जवळजवळ आपल्या स्वयंपाकघरातल्या रिकाम्या गॅस सिलिंडरइतकी. तिच्यात हवा भरतात ती सुमारे २०० वातावरणांच्या दाबाने. मालमोटारीच्या टायरात साधारण आठ वातावरणे असतात, यावरून कल्पना करा. आणि लोक तिला 'ऑक्सिजनची टाकी' म्हणतात ते बरोबर नाही बरं का. नेहमीच्या टाकीत आपण श्वासात घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. टाकी आणि कमरेची शिशाची वजने, दोन्ही किनाऱ्यावरच्या केंद्राकडूनच घ्यायची.

याच्या उलट मास्क. तो मात्र आपलाच हवा. प्रत्येकाच्या चेहऱ्याची ठेवण निराळी, आणि मास्कची कड चेहऱ्याला चपखल बसली नाही तर पाणी आत झिरपते. पाण्याखाली दहा मीटरवर नाकाशी पाणी आले की शिकलेला माणूसदेखील बावरतो. बसतो की नाही हे पाहायची युक्ती सोपी आहे. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवावा, नाकाने हलका श्वास आत ओढावा आणि हात सोडावा. जागचा हलला नाही तर तो तुमचा. मिशीवाल्यांना जरा जास्त शोध घ्यावा लागतो. चष्मा घालून मास्क लावता येत नाही, काड्यांमुळे कड उघडी राहते; म्हणून नंबराची काच बसवलेला मास्क करून घ्यावा लागतो. परक्या बंदरात आपल्या नंबराचा मास्क तयार मिळेल, या भरवशावर कोणी राहू नये. आमच्या शिक्षकमहाशयांचा अर्धा प्रश्न इथेच सुटला.

खरा विचार करावा लागतो तो रेग्युलेटरचा. टाकीतला प्रचंड दाब उतरवून, तुम्ही जितक्या खोलीवर असाल तितक्याच दाबाची हवा तोंडाशी आणून देणारे हे यंत्र. मागणी केली की तेवढीच हवा देणारी ही तऱ्हा १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां या दोघांनी सिद्ध केली. मी इतिहासाचा माणूस, तेव्हा विज्ञानाच्या शिक्षकांनी मला सांभाळून घ्यावे. पण बॉइलचा नियम वर्गात शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. समुद्रात दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. म्हणजे दहा मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट झाला. तिथे छातीभर हवा घेऊन कोणी श्वास कोंडून वर आला, तर त्या हवेला दुप्पट जागा लागणार. फुप्फुस काही तेवढे ताणत नाही, ते फाटते. म्हणून पाण्यात श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिला धडा. आणि श्वास चालू ठेवायचा तर तो देणारे यंत्र विश्वासाचे हवे.

मग ते स्वतःचे असलेले बरे, असे कोणी म्हणेल. पण स्वतःचे म्हणजे भरवशाचे, असे नव्हे. वर्षातून एकदा बुडी मारणाऱ्याचा रेग्युलेटर अकरा महिने कपाटात पडतो. आतले रबर सुकते, मागच्या खेपेचे मीठ आत धरून बसते. वर्षाकाठी जाणकाराकडून तो उघडून साफ करून घ्यावा लागतो, आणि ही सोय गावोगाव नाही. शिवाय टाकीला जोडायची पकड दोन प्रकारची असते, एक वरून कसायची आणि एक आट्यांची. गॅसच्या टाकीला भलत्या तऱ्हेचा रेग्युलेटर बसत नाही, तसेच इथेही. जो वर्षात दोन-तीनदा पाण्यात उतरतो आणि वेळच्या वेळी दुरुस्ती करून घेतो, त्याने आपला रेग्युलेटर अवश्य न्यावा. बाकीच्यांनी रोज वापरातले, रोज तपासले जाणारे केंद्राचे यंत्र घ्यावे. मात्र पाण्यात जाण्यापूर्वी त्यातून चार श्वास ओढून पाहावेत, दाबमापकाचा काटा बघावा, आणि शंका वाटल्यास संकोच न करता दुसरे मागावे. पैसे आपण मोजलेले असतात.

जहाजाची म्हणून एक अडचण आणखी आहे. लक्षद्वीपच्या बेटांना मोठे जहाज लागत नाही; ते बाहेर उभे राहते आणि उतारूंना लहान होडीत उतरावे लागते. जुन्या मंडळींना मालवण-वेंगुर्ल्याचे पडाव आठवतील. डुलत्या होडीत वीस किलोची पिशवी सांभाळणे हा काही आनंदाचा भाग नव्हे. परत आल्यावर ओले, खारट सामान त्या एवढ्याशा खोलीत वाळवायचे कुठे? काही कंपन्या असे सामान खोलीत ठेवूही देत नाहीत. तिकीट काढण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे, आणि बुडीच्या पैशांत सामानाचे भाडे धरले आहे का, हेही. ते धरलेले असेल तर लाखभर रुपयांचे सामान वाहून नेऊन वाचले काय?

परतीचा प्रवासही आताच ठरवावा. एकच बुडी मारली असेल तर निदान बारा तास, आणि लागोपाठ अनेक मारल्या असतील तर निदान अठरा तास विमानात बसू नये. अंगात मुरलेला नायट्रोजन हवेचा दाब कमी झाला की बुडबुडे धरतो. मालवणहून देशावर जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण आंबोली सुमारे सातशे मीटर उंच आहे. दुपारी बुडी आणि संध्याकाळी घाट, असा बेत आखू नये. पनवेलकर कोकण रेल्वेने परतत असल्यामुळे त्यांना ही काळजी कमी.

आमच्या शिक्षकाने शेवटी नंबराचा मास्क, श्वासनळी, पायाच्या मापाचे रबरी पंख, प्रशिक्षणाचे कार्ड आणि बुड्यांची नोंदवही एवढेच बांधायचे ठरवले आहे. सारे मिळून चार किलोही होत नाही. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, त्याने काच सारखी धुरकटते. निघण्याच्या आदल्या दिवशी ती आतून दंतमंजनाच्या मऊ पेस्टने दोन-तीनदा घासून गोड्या पाण्याने धुवावी, असे मी त्याला सांगितले आहे.