कोठडीतील बाई आणि कोर्टाची नजर
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला तुरुंगाचा विषय कशाला, असे काहीजणींच्या मनात आले असेल. पण आपल्या मुळशीला तुरुंग परका नाही. १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा सेनापती बापटांच्या मागोमाग इथली शेतकरी माणसे तुरुंगात गेली, बायाही गेल्या. त्यांची आठवण आपण अभिमानाने काढतो. मी आज बोलणार आहे ती बाई निराळी. चोरीच्या संशयावरून धरून नेलेली, जिच्यासाठी ठाण्याच्या पायरीवर कोणी उभे राहत नाही अशी.

१९८२ च्या मे महिन्यात शीला बारसे या पत्रकार बाई परवानगी काढून मुंबईच्या तुरुंगात गेल्या आणि पंधरा कैदी बायांशी बोलल्या. पाचजणींनी सांगितले की, पोलीस कोठडीत असताना आम्हांला मारहाण झाली. बारसेबाईंनी हे सुप्रीम कोर्टाला पत्राने कळविले, आणि कोर्टाने ते पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतले. मग निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात जाऊन पाहून येण्यास सांगितले. त्यांच्या अहवालात एक गोष्ट अशी निघाली की, दोघी परदेशी कैदी बायांचे दागिने व चीजवस्तू एका वकिलानेच फीच्या नावाखाली अडकवून ठेवल्या होत्या. सोडविणाराच लुबाडू लागला तर बाईने जावे कोठे?

१५ फेब्रुवारी १९८३ रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला. बायांसाठी चांगल्या वस्तीत वेगळ्या कोठड्या असाव्यात व त्यांवर स्त्री शिपाई असावेत, बाईची चौकशी स्त्री पोलिसासमक्षच व्हावी, अटक होताच नातलगाला कळवावे, आणि मॅजिस्ट्रेटने तिला स्वतः विचारावे, "तुला कोणी मारले का?" अटक झालेल्याचे हक्क इंग्रजी, हिंदी आणि मराठीत छापून प्रत्येक कोठडीत लावावेत, असेही सांगितले.

मला मात्र या सर्वांत एकच कलम मोलाचे वाटते. मुंबई शहरातील कोठड्यांना सेशन्स कोर्टाच्या न्यायाधीशाने, शक्यतो स्त्री न्यायाधीशाने, अधूनमधून अचानक भेट द्यावी. अचानक हा शब्द महत्त्वाचा. कळवून आलेल्या पाहुण्याला काय दिसते, ते आपणा बायांना सांगायला नको! मुलगी दाखवायच्या दिवशी कोणाचे घर सारवलेले नसते? आणि दोष दिसला तर आधी पोलीस कमिशनरांना, मग गृहखात्याला, तरीही सुधारणा न झाल्यास हायकोर्टाच्या मुख्य न्यायाधीशांना कळवावे, अशी पायरी-पायरीने सोय केली.

एवढे होऊनही २०१७ च्या जूनमध्ये भायखळ्याच्या महिला तुरुंगात एक कैदी बाई मरण पावली. न्याहारीची अंडी आणि पाव कमी पडल्याची तिने तक्रार केली म्हणून तिला मारले, असा आरोप झाला आणि तुरुंगाच्या सहा नोकरांना अटक झाली. कागदावरचा हुकूम आणि कोठडीतली रात्र यांत अंतर असते ते असे.

आता आपल्या उपयोगाचे सांगते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अगदी अपवादाचे कारण असले, तर स्त्री अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची परवानगी आधी घ्यावी लागते. चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभे करावेच लागते. प्रवासाचा वेळ तेवढा वेगळा. आणि १९८७ च्या कायद्याने कोणत्याही बाईला वकील फुकट मिळतो, मग तिची मिळकत कितीही असो. त्यासाठी पुण्याला शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. लिहिता येत नसेल तर मी लिहून देईन.

ते हक्कांचे मराठी पत्रक पौडच्या ठाण्यात लावले आहे का, हे पाहायला मी येत्या मंगळवारी जाणार आहे. दोघीतिघींनी बरोबर यावे. न कळवताच जाऊ.