खाडीकाठचा शरद
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



शाळेतल्या मुलांना सहा ऋतूंचा तक्ता करायला सांगा. शरदाच्या चौकटीत निम्मी मुले पिवळी-तांबडी पाने गळणारे एक झाड काढतील. झाड सुंदर असते, पण ते आपले नव्हे. ते परदेशातल्या गोष्टींच्या पुस्तकांतून आलेले आहे. आपल्याकडची पानगळ शिशिरातली. आश्विन-कार्तिकात आपल्या झाडांवर पावसाने धुतलेली हिरवी पाने असतात, बांधावरचे गवत पिकून सोनेरी होऊ लागते, हळवे भात कापणीला येते आणि चार महिने ढगाआड असलेला चंद्र पुन्हा नीट दिसू लागतो. आपला शरद हा झडण्याचा ऋतू नाही, तो घराबाहेर पडण्याचा ऋतू आहे. म्हणूनच की काय, आपल्या पूर्वजांनी आयुष्य शरदांत मोजले. शंभर वर्षे जग असे म्हणण्याऐवजी शंभर शरद बघ, असा आशीर्वाद दिला.

आज या शरदाविषयी बोलायचे आहे, आणि तेही एखाद्या थंड हवेच्या ठिकाणाविषयी नाही, तर खारी गावाविषयी. खारी म्हणजे भाईंदर पूर्वेचे जुने गाव. नवघर, गोडदेव आणि खारी ही शेजारशेजारची गावे आज इमारतींच्या दाटीत शोधावी लागतात. १९८५ साली ग्रामपंचायती एकत्र करून मिरा-भाईंदर नगरपरिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. २००१ साली सव्वापाच लाखांच्या आसपास असलेली शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत आठ लाखांच्या वर गेली. इतक्या माणसांत गावाचा ऋतू कुठे उरणार, असे कुणालाही वाटेल. पण नाव अजून खारीच आहे. त्या नावात खाडीचे खारे पाणी आहे आणि शरदाची जुनी हकिकतही तिथूनच सुरू होते.

भाईंदरच्या परिसरात पूर्वी दूरवर मिठागरे होती. पावसाळ्यात ती पाण्याखाली जात. आश्विनात पाऊस ओसरला, की लोक मिठागरावर उतरत. फुटलेले बांध चिखलाने लिंपायचे, वाफ्यांतला गाळ काढायचा, तळ पायांनी तुडवून आणि चोपून टणक करायचा. मग उधाणाचे पाणी आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हात आटवायचे. हजार लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ किलो क्षार असतात; ते पाणी आटून दहाव्या हिश्श्यावर आले, की मीठ धरू लागते. मीठ हाती येई ते पुढे, थंडी-उन्हाळ्यात. पण त्याची तयारी शरदातली. आगर म्हणजे मिठागर, आणि त्यावरूनच आगरी हे नाव, असे सांगतात.

या कामाला सगळे घर लागे. पुरुष बांधावर, बाया पाट्या घेऊन चिखल वाहायला, आणि पोरे भाकरी नि सुक्या बोंबलाचे कालवण पोचवायला. भाकरी पोचवून पोरे लगेच घरी थोडीच परतणार? ती खाडीच्या काठाने चिंबोऱ्या धरत, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्यांच्या मागे लागत आणि गुडघ्यापर्यंत काळी होऊन संध्याकाळी आईच्या शिव्या खात. पलीकडे भाताच्या खाचरांत कापणीची लगबग. उत्तनच्या किनाऱ्यावर याच सुमारास बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळायला टांगले जातात. पाऊस संपल्याशिवाय ते काम होत नाही. शेत, आगर आणि समुद्र या तिन्ही ठिकाणी शरद हा घरच्या सगळ्यांनी मिळून बाहेर राबण्याचा काळ होता. मौज वेगळी शोधायला जावे लागत नसे. ती कामाच्या पोटातच असे.

असेच काहीसे फार दूर, स्कॉटलंडच्या खेड्यांत घडत आले आहे. तिथे ऑक्टोबरात शाळांना सुट्टी असते आणि आजही पुष्कळ लोक तिला ‘टॅटी हॉलिडेज’ म्हणजे बटाट्यांची सुट्टी म्हणतात. एकेकाळी ती मुलांना बटाटे वेचायला शेतावर जाता यावे म्हणून देत. आता बटाटे यंत्रे काढतात, तरी सुट्टी राहिली आणि तिचे नावही. त्या सुट्टीत आईवडील मुलांना पायात उंच बूट चढवून बाहेर काढतात. कुंपणाच्या काटेरी झुडपांवरची ब्लॅकबेरी वेचतात, घरी तिचा जॅम करतात, आणि आइसलँडहून येणारे रानहंसांचे थवे बघायला शेताच्या कडेला उभे राहतात. तिकडचा दिवस ऑक्टोबरात भराभर आखडतो. महिन्याच्या सुरुवातीला पावणेसातला मावळणारा सूर्य अखेरीला साडेचारच्या सुमारास मावळतो. त्यातला एक तास घड्याळ मागे घेतल्याचा. म्हणून उरलेला उजेड ते अगदी काटकसरीने वापरतात.

आपल्याकडे उजेडाची एवढी टंचाई नाही. ऑक्टोबरभरात आपला सूर्यास्त जेमतेम वीसेक मिनिटे अलीकडे येतो. आपली तक्रार उन्हाची. मोसमी पाऊस मुंबईतून परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. तो परतला, की ढगांची छत्री जाते, वारा पडतो, जमिनीतली ओल वाफ होऊन अंगाला चिकटते आणि पारा ३३-३४ अंशांवर चढतो. ‘ऑक्टोबर हीट’ म्हणून आपण दारे-खिडक्या लावून पंख्याखाली बसतो. दुपारपुरते ते ठीकच आहे. पण पाच वाजल्यानंतर समुद्रावरून वारा सुटतो, ऊन मऊ होते, आणि नेमक्या त्याच वेळी आपल्या घरात मुलांचा अभ्यास, क्लास आणि दूरचित्रवाणी सुरू होते. मागचे काम गेले, म्हणून बाहेर जायचे निमित्त गेले. स्कॉटलंडमधल्या त्या मंडळींनी काम गेल्यावरही निमित्त सांभाळले. आपली दिवाळीची सुट्टीदेखील भातकापणीच्या दिवसांतच येते. पण तिला आपण फराळाची आणि खरेदीची सुट्टी करून टाकले आहे.

मग काय करता येईल? खर्च न करता आणि फार लांब न जाता पुष्कळ काही करता येईल.

पहिली गोष्ट भरती-ओहोटीची. कोळ्यांचा एक साधा हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. त्या दिवशी दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. हा ठोकताळा आहे, आणि खाडीत आत पाणी थोडे मागाहून पोचते, हे धरून चालायचे. आता हाच हिशेब कोजागरीला लावून बघा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे संध्याकाळी पाच-साडेपाचला खाडी रिकामी, चिखल उघडा. आणि गच्चीवर दूध आटून पेल्यात येईपर्यंत तीच खाडी उधाणाने काठोकाठ. शक्य असेल तर मुलांना ही दोन्ही रूपे दाखवा. भाईंदर आणि नायगावच्या मध्ये पाणजू बेटाच्या बाजूने जाणाऱ्या लोकलच्या दारातून नव्हे, खिडकीतूनही ती दिसतात. पुढे अष्टमीला भांगाचे पाणी बघा, ते कसे सुस्त असते. कॅलेंडरातल्या ज्या तिथ्या मुलांना निव्वळ पाठांतर वाटतात, त्या पाण्याच्या आहेत हे एकदा कळले, की ती स्वतःहून पंचांग उघडतात.

दुसरी गोष्ट पाहुण्यांची. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून खाडीकाठी आणि मिठागरांत उत्तरेकडचे पक्षी उतरू लागतात. शेपटी सतत वरखाली हलवणारे धोबी, चिखलात टोचत पळणारे तुतवार, मागाहून येणारे कुरव. लांब लाल पायांचा शेकाट्या तर पाण्यात काठ्यांवर चालल्यासारखा चालतो. महागडी दुर्बीण नसली तरी बिघडत नाही. ओहोटीच्या वेळी बांधावर शांत उभे राहिले तरी पाच-सहा जाती सहज ओळखता येतात.

पक्षी आपल्याकडे येत असतात, तेव्हा चतुर निघायच्या तयारीत असतात. पाऊस संपताना मैदानावर संध्याकाळी पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे घिरट्या घालतात. आमच्या पिढीने त्यांच्या शेपटीला दोरा बांधायचे पाप केले आहे. पण ते कुठे जातात हे आम्हाला ठाऊक नव्हते. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली असे मांडले, की यांतले लक्षावधी चतुर ईशान्येच्या वाऱ्यावर स्वार होऊन हिंदी महासागर ओलांडतात आणि आफ्रिकेत पोचतात. दोन इंचांचा कीटक! खारीतल्या एखाद्या मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या मुलाच्या डोक्यावर घिरट्या घालणारा चतुर कदाचित त्या प्रवासाची तयारी करत असेल. हे सांगितल्यावर दोरा बांधायला कुणाचा हात धजेल?

तिसरी गोष्ट किल्ल्याची. दिवाळीत बाजारात तयार किल्ले मिळतात. ते आणू नका. इमारतीच्या आवारात चार विटा, गोणपाट आणि माती मिळाली तरी पुरे. आजोबांनी बुरूज लिंपावा, नातीने त्यावर हळीव पेरावे, चार दिवसांत हिरवळ उगवावी. मुले किल्ला करत असतील तर एक सकाळ घोडबंदरच्या किल्ल्यावर घालवा. पोर्तुगीजांचा हा किल्ला मराठ्यांनी १७३७ साली घेतला आणि दोन वर्षांनी, १७३९ च्या मे महिन्यात, चिमाजी आप्पांच्या मोहिमेत वसई पडली. वर उभे राहून खाडी पाहिली, की किल्ला तिथेच का बांधला हे धड्याशिवाय समजते. खाली उतरल्यावर घरचा मातीचा किल्लाही मुले वेगळ्या जागी बांधतात.

आणि चौथी गोष्ट धीराची. चेण्याच्या बाजूचे डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे आहेत. तिथे कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मरते. २००८, २०१६ आणि २०२४ साली ती पावसाच्या अखेरीस फुलली. आता २०३२. २०२४ साली पहिलीत असलेले मूल तेव्हा चौदा वर्षांचे असेल, त्याला मिसरूड फुटू लागलेले असेल. ‘आई, तू चल ना’ म्हणणारे ते मूल त्या वेळी मित्रांबरोबर जाईल.

हे ऐकायला जरा कठोर वाटेल, पण हिशेब सरळ आहे. पूर्वजांनी शंभर शरद मागितले खरे. मात्र आईवडिलांचे बोट धरून बाहेर पडायचे शरद मुलाच्या वाट्याला फार तर दहा येतात. पाचव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत. त्यातले दोन आजारपणात, दोन घर बदलण्यात, एखादा परीक्षेत जातो. उरतात ते बोटांवर मोजण्याइतके.

आता कुणी विचारेल, की बाहेर जायचे तर बाहेर आहे कुठे? बरीच मिठागरे बंद पडली, खाडीकाठी भराव आणि कचरा आला, उरलेल्या जागेला कुंपण. तक्रार खरी आहे. स्कॉटलंडने २००३ साली कायदा करून, नासधूस न करता जबाबदारीने वागण्याच्या अटीवर, लोकांना बहुतेक जमिनीवरून आणि पाण्यावरून फिरण्याचा हक्क दिला. आपल्याकडे तसा हक्क नाही. पण ६ ऑक्टोबर २००५ रोजी, शरदातच, मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या तिवरांच्या तोडीला मनाई केली आणि २०१८ साली ती कायम केली. भाईंदरच्या खाडीला आज जी हिरवी किनार दिसते, तिला या आदेशाचा आधार आहे. मात्र आदेश कागदावर असतो. तिवरात भरावाचा ट्रक रिकामा होताना पाहणारा माणूस तिथे असावा लागतो, आणि संध्याकाळी मुलांना घेऊन खाडीवर जाणाऱ्या घरांइतका चांगला पहारा दुसरा नाही. ज्याने शेकाट्या पाहिला आहे, त्यालाच तो नाहीसा झाल्याचे कळते.

जाताना थोडी काळजी घ्यावी. चिखलात उतरू नये, बांधावरच थांबावे. तो दिसतो त्यापेक्षा खोल असतो. भरतीची वेळ पाहून निघावे. अंधार पडायच्या आत परतावे, मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, डास फार असतात. फरसाणाच्या पिशव्या तिथे टाकू नयेत, हे सांगायला नको.

फार मोठा बेत आखू नका. मोठे बेत रविवारवर ढकलले जातात आणि रविवारी पाहुणे येतात. आठवड्यातली एकच संध्याकाळ ठरवा, पाच ते सव्वासहा. घरी आजी असेल तर तिलाही न्या. खाडीकडे बघत ती मिठागरातल्या, शेतावरच्या दिवसांचे काहीतरी सांगेल, जे बैठकीच्या खोलीत तिला कधी आठवत नाही. मुले प्रश्न विचारतील. उत्तर माहीत नसले तरी चालेल. सगळ्यांनी मिळून पाण्याकडे बघत उभे राहावे. आश्विन आणि कार्तिक असे दोनच महिने आहेत, आणि त्यातल्या संध्याकाळी आठ-नऊच.