दोन नावे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील स्मरणसभेत शंकर नगर, रायपूर येथे केलेले भाषण)



स्मरणसभेची आपल्याकडील रीत सर्वांच्या परिचयाची आहे. महाराष्ट्रात जे थोर पुरुष व स्त्रिया निधन पावल्या त्यांची नावे पुण्यामुंबईच्या वृत्तपत्रांतून उतरवून घ्यावयाची, ती वाचावयाची आणि दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावयाचे. ही रीत वाईट नाही. दूर राहणाऱ्याला गावाकडचे सुतक कळावे, एवढे तिचे प्रयोजन. परंतु २०२५ साली सात महिन्यांच्या अंतराने दोन माणसे गेली. २० मे रोजी पुण्यास डॉ. जयंत विष्णु नारळीकर आणि २३ डिसेंबर रोजी आपल्या रायपुरात विनोदकुमार शुक्ल. पहिले नाव आपल्या यादीत आपोआप येते. दुसरेही यावे, असे आम्हांस वाटते. आणि ते का, एवढेच सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत.

नारळीकरांचा जन्म १९३८ सालचा, कोल्हापूरचा. पण त्यांचे बालपण गेले ते काशीस. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. घरात फळा होता. मामा मोरेश्वर हुजुरबाजार त्या फळ्यावर भाच्यासाठी गणिताचे एक कोडे लिहून ठेवीत, आणि भाच्याने ते सोडवीपर्यंत ते पुसले जात नसे. मुलांचे मराठी टिकावे कसे, हा प्रश्न आपल्या मंडळात नित्य निघतो. मराठी मुलखापासून इतक्या दूर, गंगेच्या काठी, एका मराठी घराने हा प्रश्न कोणत्याही ठरावावाचून सोडविला होता.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. केंब्रिजला फ्रेड हॉईल यांच्याबरोबर १९६४ साली त्यांनी गुरुत्वाकर्षणाची नवी उपपत्ती मांडली. (ती आम्हांस समजली, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही; आम्ही साधे बी. ए.!) विश्वाचा आरंभ महास्फोटाने झाला, हे बहुसंख्यांचे मत त्यांनी अखेरपर्यंत स्वीकारले नाही. १९७२ साली ते स्वदेशी परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९८८ साली पुण्यास खगोलविज्ञानाचे आंतरविद्यापीठीय केंद्र, म्हणजे ‘आयुका’, त्यांनी उभे केले.

आम्हांस विशेष मोलाची वाटते ती १९७४ सालची गोष्ट. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. जगभर नाव झालेल्या या शास्त्रज्ञाने आपली आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठविली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली. कथा होती ‘कृष्णविवर’, आणि तिलाच पहिले पारितोषिक मिळाले. इंग्रजीत लिहून ज्याचे काहीच अडत नव्हते, तो मनुष्य मराठीच्या परीक्षेला अनोळखी उमेदवार म्हणून बसला! स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न विचारा, उत्तर सहीनिशी येईल. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या त्यांच्या आत्मचरित्रास २०१४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या चार नगरांतले पहिले नगर वाराणसी आहे, हे आपण परमुलखात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

आता दुसरे नाव. विनोदकुमार शुक्ल १९३७ साली राजनांदगावास जन्मले, येथील कृषी विद्यापीठात शिकवीत राहिले आणि आयुष्याचा बहुतेक काळ याच शहरात काढला. सभासमारंभाची त्यांना फारशी हौस नव्हती. त्यांना २०२४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार जाहीर झाला आणि तो २०२५ च्या नोव्हेंबरात त्यांच्या घरी येऊन देण्यात आला. त्यानंतर सुमारे महिन्याभराने ते गेले.

१९७९ साली निघालेली त्यांची ‘नौकर की कमीज’ ही कादंबरी कचेरीतल्या कारकुनाची आहे. आदर्श नोकर कसा असावा, या कल्पनेच्या मापाने साहेबाच्या घरी एक सदरा शिवून ठेवलेला असतो, आणि तो एके दिवशी या कारकुनाच्या अंगावर चढविला जातो. सरकारी नोकरीत आमचे केस पांढरे झाले. कचेरीतील अपमान किती हलक्या पावलांनी येतो, हे इतक्या शांत स्वरात सांगणारे दुसरे पुस्तक आमच्या पाहण्यात नाही. पुढे १९९९ साली मणि कौल यांनी त्यावर चित्रपट काढला.

पण केवळ थोरवीमुळे आम्ही हे नाव घेत नाही. तरुण शुक्लांच्या कवितांना प्रथम मायेने वाचणारा, त्या छापल्या जाव्यात म्हणून खटपट करणारा माणूस राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत होता. येथून सुमारे ७० किलोमीटरांवर. ते गजानन माधव मुक्तिबोध. घरी मराठी बोलणारे आणि हिंदीत लिहिणारे. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले नामवंत कवी. एकाच आईच्या दोन मुलांनी दोन भाषा वाटून घेतल्या! त्याही आधी माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले आणि १९२६ साली रायपुरातच देह ठेवला. शुक्लांच्या मृत्यूचे सुतक आपल्याला लागते, ते या वाटेने.

मंडळापुढे आमची एक सूचना आहे. आपली मुले शाळेत हिंदी शिकतात, त्यामुळे देवनागरी त्यांच्या हातची आहे. अडखळतात ती ‘ळ’ पाशी आणि क्रियापदांपाशी. वाचनालयात नारळीकरांच्या विज्ञानकथा आणि शुक्लांच्या कादंबऱ्या एकाच फळीवर ठेवाव्यात. महिन्यातून एका रविवारी एखाद्या मुलाने ‘कृष्णविवर’ मोठ्याने वाचावी, आणि दुसऱ्याने ‘नौकर की कमीज’ चे एखादे पान आपल्या मराठीत सांगून दाखवावे. चुका होतील, वडीलधाऱ्यांनी हसू नये. पुस्तकांच्या पहिल्या संचाचा खर्च आम्ही देऊ.

आता दोन्ही नावे घेऊन आपण उभे राहू या.