वाईचा कातळ आणि उपखंडाचे डोंगर



भूगोलाच्या शिक्षकांचे हे अधिवेशन कृष्णाकाठच्या वाईत भरले आहे. मराठी विश्वकोशाचे संपादन याच गावात झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. उपखंडातील पर्वतरांगांचा विचार करायला याहून योग्य गाव कोणते?

गणपती घाटाच्या पायऱ्या उतरताना पायाखाली येतो तो काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. भारताची भूमी तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती आणि उत्तरेकडे सरकत होती. लाव्हा पसरला, थिजला, त्यावर पुन्हा पसरला. पसरणीचा घाट चढताना ते थर उघडे दिसतात. आधी ताठ कडा, मग गवताचा उतार, पुन्हा कडा आणि अगदी वर पाचगणीच्या पठारावर तांबडा जांभा. डोंगराच्या या पायऱ्यांमुळेच ‘जिना’ अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून या खडकाला ‘ट्रॅप’ हे नाव पडले.

हा दगड थिजला तेव्हा हिमालय उभाच नव्हता.

सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी हीच सरकणारी भूमी आशियाला भिडली आणि मधल्या टेथिस समुद्राच्या तळाचा गाळ वळ्या पडत वर उचलला गेला. गंडकीच्या पात्रातून देवघरात येणाऱ्या शाळिग्रामात त्या समुद्रातल्या अमोनाइट या प्राण्याचा ठसा सापडतो. सिंधू आणि ब्रह्मपुत्रा त्याआधीपासून वाहत होत्या. डोंगर वाढत गेला, त्यांनी तो कापत वाट राखली. अरवली मात्र या साऱ्यांची आजी. १०० कोटी वर्षांहून अधिक वय, झिजत झिजत उरलेले गुरुशिखर १,७२२ मीटरांचे. उलट तरुण हिमालयातले एव्हरेस्ट ८,८४८.८६ मीटरांचे. हेच जगातले सर्वोच्च शिखर, हे गणिती राधानाथ सिकदार यांनी १८५२ मध्ये आकडेमोडीतून दाखवले.

डोंगर पाण्याचीही वाटणी करतात. महाबळेश्वरपासून अरबी समुद्र जेमतेम ६५ किलोमीटरांवर, तरी दख्खनचा कल पूर्वेकडे असल्याने तिथून निघणारी कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तिथून तीस-बत्तीस किलोमीटरांवरच्या वाईत त्याचा पाचवा हिस्साही पडत नाही. पर्जन्यछाया शिकवायला फळा लागत नाही, एसटीचा एक प्रवास पुरतो.

पण नकाशात सह्याद्री ही एक तपकिरी रेघ असते आणि मुले ती रेघच पाठ करतात. तोवर गावाजवळची टेकडी मुरमासाठी, खडीसाठी खणली जाते. अरवलीत तर काही टेकड्या खाणींनी मुळापासून गिळल्या. ज्याने टेकडीचे वय ऐकलेले नाही, त्याला ती पडीक जमीनच वाटणार.

म्हणून अधिवेशनाच्या स्वागत समितीची आपणा सर्वांना एकच विनंती आहे. येत्या वर्षी प्रत्येक शिक्षकाने आपला वर्ग एकदा तरी जवळच्या डोंगरावर न्यावा, मुलांना कड्यावरचे थर मोजायला लावावेत आणि खाली येताना तिथला एक दगड शाळेच्या टेबलावर आणून ठेवावा.